वाचकांचे प्रश्न : सगळ्यांना वाचता येईल असं हँडबिल

छपाईविषयी आलेल्या पत्रांत यंदा एकाच गोष्टीची विचारणा जास्त होती. ज्यांना कमी दिसतं किंवा अजिबात दिसत नाही, ऐकू येत नाही, चाकाच्या खुर्चीवरून यावं लागतं किंवा लांबलचक वाक्यं समजत नाहीत, त्यांच्यापर्यंत आपलं पत्रक पोचतं का? २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. एकच कागद या सगळ्यांना पुरेल असं होणार नाही. मजकूर मात्र एकदा नीट लिहिला, की कागद, मेसेज, मोठ्या अक्षरांची प्रत, व्हिडिओ ही सगळी त्याचीच रूपं होतात. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : आमचं मंडळ आरोग्य शिबिराची पाच हजार हँडबिलं छापून पेपरात टाकतं. ए-५ आकार, भगव्यावर पांढरी अक्षरं, मागे फोटो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, वाचताच येत नाही. अक्षर मोठं केलं तर मजकूर बसत नाही. काय करावं?
— मंडळाचे कार्यकर्ते, लालबाग

अक्षराचं नंतर पाहू, आधी मजकूर. तुमच्या हँडबिलातलं पहिलं वाक्य असं आहे : ‘परिसरातील सर्व नागरिकांच्या आरोग्याच्या दृष्टीने मंडळाच्या वतीने भव्य मोफत आरोग्य तपासणी शिबिराचे आयोजन करण्यात आले असून सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून लाभ घ्यावा ही नम्र विनंती.’ एवढं वाचूनही तारीख कळत नाही, वेळ कळत नाही. त्याऐवजी हे पाहा :

मोफत आरोग्य तपासणी
रविवार, १८ जानेवारी
सकाळी ९ ते दुपारी १
रक्तदाब, साखर आणि डोळे तपासले जातील.
येताना चालू औषधांची चिठ्ठी आणा.

शब्द कमी झाले आणि माहिती वाढली. ए-५ पानावर अक्षर वाचण्याजोगं ठेवायचं, तर शीर्षक धरून ऐंशी-नव्वद शब्दांच्या पुढे जाऊ नका. पदाधिकाऱ्यांची नावं आणि शुभेच्छुकांचे फोटो यांना पाठची बाजू द्या. ती गाळा असं आमचं म्हणणं नाही. मंडळात त्यावरून काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. पण ज्याला शिबिराला यायचं आहे त्याला पुढच्या बाजूवर फक्त कामाची माहिती दिसली पाहिजे.

आता अक्षर. पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नका. १४ पॉइंट म्हटलं तरी एका फॉन्टात अक्षर टपोरं दिसतं, दुसऱ्यात बारीक. छापलेल्या प्रूफवर, म्हणजे नमुना प्रतीवर, पट्टी ठेवा आणि शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंतची उंची मोजा. ती ३ मिलिमीटरच्या खाली नको. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारख्या साध्या फॉन्टात ती साधारण १४ पॉइंटला मिळते. १४ पॉइंटला लीडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीपर्यंतचं अंतर, २० ठेवा. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खाली उतरतो, खालच्या ओळीची वेलांटी आणि रफार वर चढतात. ओळी जवळ आल्या की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि कमी दिसणाऱ्याला ‘की’ आणि ‘कि’, ‘कर्म’ आणि ‘कम’ यांतला फरक लागत नाही. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळी दोन्ही बाजूंनी ताणून बसवू नका, शब्दांमध्ये खड्डे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी सैल ठेवली की पुढची ओळ कुठे सुरू होते ते डोळ्याला सापडतं.

रंगांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तुमचं हँडबिल तिथेच अडलंय. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं प्रमाण मोजता येतं. वेबपानांच्या आंतरराष्ट्रीय निकषात लहान अक्षरासाठी ते किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरासाठी किमान ३ : १ लागतं. कागदासाठीही हाच अंदाज धरा. नेहमीच्या भगव्यावर पांढरं अक्षर ठेवलं तर प्रमाण जेमतेम २.१ : १ येतं. त्याच भगव्यावर काळं अक्षर ठेवा, प्रमाण ९.८ : १ होतं. म्हणजे मंडळाचा रंग सोडायची गरज नाही, अक्षराचा रंग बदला. भडक लाल पांढऱ्यावर ४ : १, म्हणजे शीर्षकापुरता ठीक, बारीक मजकुराला नाही. मरून पांढऱ्यावर जवळपास ११ : १, गडद निळा १६ : १. हिरव्यावर लाल कधीच नको. तिथे प्रमाण १.३ : १ इतकं घसरतं, शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष पुष्कळ असतात. ‘लाल चौकटीतल्या तपासण्या मोफत’ असं लिहिलंत तर त्यांना काहीच कळणार नाही. चौकटीतच ‘मोफत’ हा शब्द छापा.

फोटोवर अक्षर टाकू नका. टाकायचंच असेल तर खाली एकरंगी पट्टी द्या. मजकुराचा काळा रंग एकाच शाईचा हवा. चार रंग मिसळून केलेला काळा मशिनवर केसभर सरकला की प्रत्येक अक्षराला रंगीत कडा येते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं ठेवली तर शाई पसरून अनुस्वाराचे टिंब आणि ‘थ’, ‘श’ यांच्या गाठी बुजतात. तिथे ठळक फॉन्ट आणि दोन पॉइंट जास्त द्या.

पाठची बाजू छापायची म्हणजे ६० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाचा) पातळ कागद चालणार नाही, पाठचे फोटो पुढच्या अक्षरांतून दिसतात. ९० जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे साधा न चकाकणारा कागद घ्या. चकचकीत आर्ट पेपर दिसायला छान, पण ट्यूबलाइटखाली त्यावर उजेडाचा पट्टा उमटतो आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाला नेमकी तीच ओळ दिसत नाही. आर्ट पेपरच हवा असेल तर मॅट घ्या.

शिबिराच्या नोंदणीच्या टेबलावर मोठ्या अक्षरांच्या वीस-तीस प्रतीही ठेवा. ए-५ चं ए-४ करायला झेरॉक्सवाल्याला १४१ टक्के सांगा. १४ पॉइंटचं अक्षर जवळपास २० पॉइंटचं होतं. खर्च फार येत नाही.

प्रश्न : डीटीपीचं काम करतो. एका अंध गिऱ्हाइकाने हँडबिलाची पीडीएफ मागितली, मी पाठवली. ते म्हणाले, फोन काहीच वाचत नाही. दुसरी पाठवली तर फोन इंग्रजी बडबडायला लागला. दोन्ही फाइलींत मराठी नीट दिसतं, मग चुकतं कुठे?
— एक वाचक, दादर

पहिल्या फाइलीत तुम्ही अक्षरं कर्व्ह केलेली असणार. प्रेसला द्यायला ते बरोबर आहे, फॉन्ट उडत नाही. पण कर्व्ह केल्यावर अक्षर उरत नाही, फक्त त्याचा आकार उरतो, आणि टॉकबॅक (फोनवर) किंवा एनव्हीडीए (संगणकावर) अशा, स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला आकार वाचता येत नाही. दुसऱ्या फाइलीत जुन्या पद्धतीचा फॉन्ट असावा, म्हणजे युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेला. त्यात ‘श’च्या जागी खरं तर इंग्रजी कीबोर्डवरचं एखादं चिन्ह साठवलेलं असतं, फॉन्ट त्याला फक्त ‘श’चा चेहरा देतो. डोळ्याला मराठी दिसतं, फोनला मिळते अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग, आणि तो तीच इमानाने वाचतो.

तपासणी अगदी सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअॅपच्या चौकटीत पेस्ट करा. काहीच आलं नाही तर कर्व्ह, इंग्रजी कचरा आला तर जुना फॉन्ट. मराठी आलं तरी थांबा आणि वेलांट्या बघा. युनिकोड फॉन्ट असूनही पीडीएफमधून देवनागरी बाहेर काढताना ऱ्हस्व वेलांटी एक घर इकडेतिकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. हा दोष पीडीएफच्या घडणीतच आहे, तुमच्या हाताला यश येत नाही असं समजू नका.

म्हणून आमचा सल्ला असा की मराठी मजकुरासाठी पीडीएफवर भिस्त ठेवू नका. मजकूर आधी युनिकोडमध्ये टाइप करून एका वर्ड फाइलीत ठेवा. शीर्षकाला ‘हेडिंग’ स्टाइल लावा, नुसतं ठळक करून भागत नाही, कारण अंध वाचक शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पुढे जातो. भाषा मराठी निवडा. चित्राला पर्यायी मजकूर द्या, पण ‘चित्र’ असं नको. ‘स्टेशनपासून सभागृहापर्यंतचा नकाशा’ असं लिहा आणि तो रस्ता खाली शब्दांतही सांगा. हीच फाइल गिऱ्हाइकाला पाठवा. तोच मजकूर डिझाइनमध्ये घ्या. इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या उलट्या बसतात.

व्हॉट्सअॅपवर हँडबिलाचा नुसता फोटो फिरवणं हीच सध्या सर्वांत मोठी अडचण आहे. फोटोखाली कॅप्शनमध्ये पूर्ण मजकूर टाका. ‘माहिती वरील चित्रात’ एवढं लिहून भागत नाही. दहा वेळा हात जोडलेली इमोजी टाकली तर फोन ती वाचत बसतो आणि तारीख यायच्या आत माणूस कंटाळतो. तारीख १८/१ अशी न लिहिता ‘१८ जानेवारी, रविवार’ अशी लिहा.

एक गोष्ट मराठी हँडबिलांपुरती खास. शीर्षक सुलेखनात करायची आपल्याकडे हौस आहे आणि ती चांगलीच आहे. पण कॅमेऱ्याने कागद वाचून दाखवणारी अॅप वळणदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरं ओळखत नाहीत. ती साधं छापील अक्षर मात्र बऱ्यापैकी वाचतात. सुलेखनाखाली तेच शीर्षक साध्या फॉन्टात एकदा छापा. शीर्षकच गेलं तर उरलेला कागद कशाचा आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न : वाचनालयाच्या कार्यक्रमाचं पत्रक ब्रेलमध्ये काढायचं आहे. प्रेसवाला म्हणतो, स्पॉट यूव्हीने, म्हणजे हव्या त्या जागी चकचकीत थर देऊन, ठिपके उठवून देतो. चालेल का? आणि किती प्रती काढाव्यात?
— एक वाचक, बोरिवली

चालणार नाही. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच लागतो. साध्या स्पॉट यूव्हीचा थर बोटाला गुळगुळीत लागतो, वाचता येत नाही. ब्रेल हा एम्बॉसरवर (कागदावर ठिपके उठवणाऱ्या यंत्रावर) किंवा ब्रेलच्या प्रेसमध्येच काढावा लागतो.

मराठी भाषा भारतीय भाषांसाठीच्या ‘भारती ब्रेल’मध्ये लिहिली जाते. काना, वेलांटी, मात्रा यांना वेगळं घर (सहा ठिपक्यांची जागा) लागतं. ‘शिबिर’ लिहायला पाच घरं जातात, जोडाक्षराला आणखी. आकार लहान करता येत नाही, कारण बोटाचं टोक तेवढंच असतं. ए-४ पानावर साधारण तीस घरांच्या पंचवीस ओळी, म्हणजे शंभर-सव्वाशे शब्द मावतात. लालबागच्या उत्तरातला मजकूर कमी करण्याचा सल्ला इथेही कामी येतो.

कागद १४० जीएसएमच्या आसपासचा घ्या. घडी घालू नका, ठिपके दबतात. गठ्ठ्यावर वजन ठेवू नका. उजवा वरचा कोपरा तिरका कापा, म्हणजे पान सरळ कुठून ते हाताला कळतं. साधी छपाई आणि ब्रेल एकाच कागदावर हवं असेल तर छपाई आधी आणि ब्रेल नंतर. आणि वाटण्याआधी ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून एक प्रत वाचून घ्याच. डोळस माणसाला उलटं छापलेलं ब्रेलही सुंदरच दिसतं.

प्रतींचं म्हणाल तर ढीग काढू नका. उतारवयात दृष्टी गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही. त्यांना फोनवर ऐकू येणारा मजकूर लागतो. नेहमी येणाऱ्या वाचकांना विचारा, तेवढ्या प्रती अधिक चार-पाच काढा. कुठे करून मिळेल याची चौकशी वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये, म्हणजे १९५२पासून काम करणाऱ्या ‘नॅब’मध्ये करता येईल.

साध्या पत्रकावर क्यूआर कोड टाकणार असाल तर तो २.५ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती कोडातल्या चार बारीक चौकोनांइतकी कोरी जागा हवी आणि तो घडीवर येता कामा नये. अंध माणसाला तो सापडावा म्हणून दर वेळी उजव्या खालच्या कोपऱ्यातच छापा आणि शेजारी पंचिंग मशिनने एक भोक पाडा. कोड उघडल्यावर साध्या मजकुराचं पान आलं पाहिजे, हँडबिलाचाच फोटो नव्हे. फुकटच्या साइटवर काढलेले काही कोड मुदत संपल्यावर बंद पडतात, हेही आधी तपासा.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या पत्रकावर ‘ऑर्डरसाठी फोन करा’ असं असतं. एका कर्णबधिर ताईंनी विचारलं, आम्ही काय करायचं?
— बचत गटाच्या सदस्य, घाटकोपर

‘व्हॉट्सअॅप किंवा एसएमएस करा’ एवढं वाढवा आणि त्या नंबरवर लेखी उत्तर देणारं कुणीतरी असू द्या. बहुतेक कामं एवढ्यानेच होतात.

कार्यक्रम असेल तर ‘सांकेतिक भाषेचे दुभाषी असतील’ हे पत्रकावर पुढच्याच बाजूला छापा. तळाशी बारीक अक्षरात टाकलेलं कुणी वाचत नाही, आणि कर्णबधिर माणसं दुभाषी नसणार असं धरूनच घरी राहतात. तासाभराहून जास्त कार्यक्रम असेल तर दोन दुभाषी लागतात. साधारण वीस मिनिटांनी ते आलटून पालटून उभे राहतात, सलग उभं राहिलं की हात आणि लक्ष दोन्ही थकतात. पत्रकाचा सांकेतिक भाषेतला एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा असेल तर मागे साधी भिंत, अंगात एकरंगी शर्ट, कंबरेपासून डोक्याच्या वरपर्यंतचं चित्र, हात चौकटीबाहेर जाता कामा नयेत. खाली मराठी अक्षरं द्या. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे, त्यामुळे पुस्तकात बघून खुणा करू नका, ती भाषा रोज वापरणाऱ्या माणसालाच विचारा. वांद्र्याच्या रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, दुभाष्यांची चौकशी तिथून सुरू करा.

प्रश्न : आमचा हॉल जुन्या इमारतीत आहे, दाराशी तीन पायऱ्या. आमची मुलं खुर्ची उचलून आत नेतात. पत्रकावर व्हीलचेअरचं चिन्ह टाकावं का?
— एक आयोजक, गिरगाव

नाही. त्या चिन्हाचा अर्थ ‘मी माझा मी आत जाऊ शकतो’ असा होतो. उचलून नेणं धोक्याचं आहे. बॅटरीची खुर्ची तर उचलतच नाही. शिवाय आपल्याला असं चारचौघांत उचललेलं किती जणांना आवडेल?

जे आहे ते शब्दांत छापा : ‘दाराशी तीन पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. दार ९० सेंटिमीटर रुंद. स्वच्छतागृह तळमजल्यावर, कमोड आहे.’ एवढं वाचून माणूस स्वतः ठरवतो, येताना कुणाला सोबत घ्यायचं ते बघतो. जवळच्या स्टेशनची लिफ्ट कोणत्या बाजूला आहे तेही लिहा. मुंबईत चुकीच्या बाजूला उतरलं तर पूल चढून परत यावं लागतं, आणि खुर्चीवरच्या माणसाचा कार्यक्रम तिथेच संपतो.

तात्पुरता उतार बसवणार असाल तर प्रमाण १ : १२ धरा. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबीची फळी लागते. तुमच्या तीन पायऱ्या प्रत्येकी १५च्या असतील तर ५.४ मीटर. फुटपाथवर तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. नसेल तर कार्यक्रमाची जागा बदलण्याचा विचार करा. हँडबिलात त्याचा तोडगा नाही.

प्रश्न : बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी खेळांचा दिवस आहे. पत्रक पालकांना द्यायचं, पण मुलांनाही वाचता यावं असं वाटतं.
— विशेष शाळेतील शिक्षिका, चेंबूर

दोन पत्रकं करा. मुलांच्या पत्रकात एका ओळीत एकच गोष्ट आणि तिच्या डावीकडे तिचंच चित्र. ‘तू रविवारी ये.’ ‘आपण चेंडू खेळू.’ ‘बाई तिथे असतील.’ ‘दुपारी घरी जायचं.’ चित्र म्हणून ओळखीच्या मैदानाचा आणि त्याच बाईंचा फोटो वापरा, नेटवरची कार्टूनं नकोत. वेळ घड्याळाच्या चित्राने आणि शब्दांनी, दोन्ही द्या. ‘न विसरता’, ‘शक्यतो’, ‘अन्यथा’ असे शब्द टाळा. मोठे झालेले विद्यार्थी असतील तर त्यांना ‘तुम्ही’ म्हणा, लहान मुलांसारखं बोलू नका. पान तिघाचौघांना वाचायला द्या आणि ‘कळलं का?’ असं विचारू नका, ते हो म्हणतील. ‘कधी यायचं?’ असं विचारा.

प्रश्न : पाच हजार प्रती छापण्याआधी हे सगळं तपासायचं कसं? आमच्याकडे ना वेळ असतो ना पैसे.
— एक वाचक, भांडुप

स्क्रीनवर बघून होकार देऊ नका. स्क्रीन मागून उजळते, कागद उजळत नाही, त्यामुळे रंग छापल्यावर मंदच येतात. छपाईची प्लेट निघण्याआधी एक डिजिटल प्रूफ खऱ्याच आकारात आणि शक्यतो त्याच कागदावर काढा.

त्या प्रूफची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. जे अक्षर तिच्यात पार्श्वभूमीत मिसळून गेलं, त्याचा रंग बदला. मग तीच प्रत संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याखाली, हात लांब करून वाचा. डिझाइन करणाऱ्याने नव्हे, मजकूर ज्याने आधी पाहिलेला नाही अशाने.

नंतर मेसेजचा मजकूर फोनवर ऐका. सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक चालू करा, बोलण्याची भाषा मराठी ठेवा. टॉकबॅक चालू असताना फोनची सवय बदलते : एकदा टेकवलं की वाचतो, दोनदा टेकवलं की उघडतो, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. बंद कसं करायचं ते आधी शिकून घ्या, नाहीतर तासभर अडकाल. डोळे मिटून ऐकताना तारीख, वेळ, जागा आणि संपर्क एका दमात कळले पाहिजेत.

कमी दिसणाऱ्या आणि अंध अशा दोघा-तिघांना प्रूफ दाखवा आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. पैसे कमी पडत असतील तर चार रंगांऐवजी काळा आणि आणखी एक अशा दोनच रंगांत छापा. वाचायला तेच सोपं जातं. प्रूफ तपासणाऱ्यांनी सांगितलेली दुरुस्ती वर्डच्या मूळ मजकुरात आधी करा आणि मग डिझाइनमध्ये घ्या. उलटं केलंत की कागदावर नवी वेळ आणि व्हॉट्सअॅपवर जुनी वेळ राहते. ऐकून येणारा माणूस मग शिबिर संपल्यावर पोचतो.